समुद्राची गाज आणि डोंगराचं पोट: कंपनांवरून जमिनीतले बदल ओळखता येतील का?

सड्यावरचा | १२ मे, रात्री १०:४०

आमच्या घरापासून समुद्र तीन-साडेतीन किलोमीटर. रात्री वारा पडला की गाज घरात ऐकू येते, आणि मे संपत आला की तिचा सूर बदलतो. आजी त्यावरून पावसाचा अंदाज बांधायची. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे या गाजेचा जो भाग कानाला ऐकू येत नाही तोच मला जास्त खुणावतो. लाटांच्या दाबाने समुद्राचा तळ हलतो आणि ती थरथर जमिनीतून शेकडो किलोमीटर आत जाते. भूकंप असो वा नसो, भूकंपमापकावर ती अखंड उमटत असते. तिला मायक्रोसिझम म्हणतात.

सुरुवातीच्या काळात ज्यांनी हिचा नीट पाठपुरावा केला, त्यांतला एक माणूस आपल्या किनाऱ्यावर बसून काम करत होता. सुधांशु कुमार बॅनर्जी तेव्हा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत होते. पावसाळ्यात आणि समुद्रात वादळ असताना यंत्रावरची ही बारीक थरथर कशी वाढते, यावर त्यांचा निबंध १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. पुढे १९५० मध्ये लाँग्वेट-हिगिन्स यांनी कारण दाखवलं: समोरासमोरून येणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळल्या की पाण्याखाली जो दाब तयार होतो तो खोलीनुसार कमी होत नाही, आणि त्याचा आवर्तकाल लाटेच्या निम्मा असतो. म्हणून बारा सेकंदांच्या लाटांची जमिनीत सहा सेकंदांची थरथर होते.

भूकंपवाले कित्येक वर्षं ही थरथर कचरा म्हणून गाळून टाकत. आता त्याच कचऱ्यातून काम होतं. दोन ठिकाणी दोन यंत्रं ठेवायची. एकच थरथर आधी एका यंत्राखालून जाते, मग दुसऱ्याखाली पोचते. दोन्ही नोंदी एकमेकींवर सरकवत गुणायच्या आणि बेरीज करायची. तास, दिवस असं करत गेलं की वेडंवाकडं एकमेकांत विरतं, आणि उरतो तो आकार असा असतो, की जणू पहिल्या जागी कुणी हातोडा मारला आणि दुसऱ्या जागी तो नोंदला. याला सिस्मिक इंटरफेरोमेट्री म्हणतात. थरांच्या जमिनीपुरतं हे गणित क्लेअरबाउट यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं. २००१ मध्ये वीव्हर आणि लॉबकिस यांनी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात, बाहेरून काहीही न वाजवता, निव्वळ उष्णतेच्या थरथरीवरून ते करून दाखवलं. २००३ मध्ये कँपिलो आणि पॉल यांनी मेक्सिकोतल्या भूकंपनोंदींवर, आणि २००५ मध्ये तर समुद्राच्या या थरथरीवरून कॅलिफोर्नियाच्या जमिनीचा नकाशाच तयार झाला.

मला नकाशापेक्षा पुढची पायरी महत्त्वाची वाटते. गवंडी चिरा हातात घेऊन वाजवतो आणि खणखणीत की बद्द ते सांगतो. हातोडा न मारता रोज तोच चिरा वाजवता आला, कालचा आवाज जसाच्या तसा जपून ठेवता आला, तर आत काही सैल झालंय का हे कळेल की नाही?

हे सुचायचं कारण सांगतो. माझं आजोळ महाड तालुक्यात, डोंगराच्या कुशीतली वाडी. २२ जुलै २०२१ ला तळियेत दरड आली आणि ८० हून अधिक माणसं गेली, तेव्हा दोन दिवस मामाचा फोन लागत नव्हता. त्यांची वाडी वाचली. पण त्यानंतर एकही पावसाळा मी शांत झोपलेलो नाही. २००५ ला दासगाव, जुई; २०२३ ला इर्शाळवाडी. दर वेळी आपण पाऊस किती मिलिमीटर पडला ते सांगतो. डोंगराच्या पोटात काय चाललं होतं ते कुणी सांगत नाही.

गेल्या दिवाळीत मी छोटा जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर टिपणारा संवेदक, बसवलेलं रास्पबेरी शेक नावाचं यंत्र घेऊन घराच्या जोत्यावर ठेवलं आहे. दुसरं आजोळी ठेवायचा विचार आहे. जाणकारांनी सांगावं: समुद्राच्या गाजेवर आमच्या डोंगरावर लक्ष ठेवता येईल का?

---

मीनाक्षी_गुहागर | १२ मे, रात्री ११:२५

फार आतून लिहिलंय. वाचतेय.

शंका: जमिनीत होणारा बदल केवढासा असणार? तो इतक्या गोंगाटातून कसा दिसतो?

---

खडकवासी | १३ मे, सकाळी ७:५०

मूळचा चिपळूणचा, नोकरीनिमित्त बाहेर. याच विषयात काम करतो, म्हणून जरा सविस्तर.

आधी मीनाक्षीताईंच्या शंकेबद्दल. समजा लाटांचा वेग ०.१ टक्क्याने घटला. थेट येणारी लाट अर्ध्या सेकंदात पोचत असेल तर तिला अर्ध्या मिलिसेकंदाचा उशीर होईल, तो दिसणार नाही. पण थेट लाटेमागून एक लांबलचक शेपूट येतं, त्याला कोडा म्हणतात. त्या लाटा खडकांतल्या भेगांवर, थरांवर आपटत, वळत, त्याच भागातून पुन्हा पुन्हा फिरून आलेल्या असतात. दहाव्या सेकंदाला येणाऱ्या तुकड्याला तोच ०.१ टक्का दहा मिलिसेकंदांचा उशीर देतो, विसाव्याला वीस. म्हणजे शेपूट जितकं लांब तितका फरक साचत जातो. कालचं शेपूट किती ताणलं म्हणजे आजच्यावर बरोबर बसतं, एवढंच मोजायचं. १९८४ मध्ये पूपिने आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात एकाच जागी पुन्हा पुन्हा होणाऱ्या जुळ्या भूकंपांवर हे केलं. २००२ मध्ये स्नायडर यांच्या गटाने तापवलेल्या ग्रॅनाइटच्या तुकड्यावर. थेट लाटेत काहीच फरक दिसेना, शेपटीत मात्र स्पष्ट होता.

आता सड्यावरचा, तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर "नाही" असं आहे, पण निराश होऊ नका.

पृष्ठभागावरून जाणारी लाट साधारणपणे तिच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या ते निम्म्या खोलीपर्यंतची जमीन चाचपते. सहा सेकंदांची समुद्राची थरथर, वेग सेकंदाला तीन किलोमीटर धरला, तर तिची लांबी अठरा किलोमीटर झाली. ती सहा ते नऊ किलोमीटर खालचं सांगणार. तुमच्या आजोळच्या डोंगरावर बसाल्टवर जो मातीचा आणि कुजलेल्या खडकाचा थर आहे तो दहा-पंधरा मीटरचा. समुद्राला तो जाणवतच नाही! शिवाय रास्पबेरी शेकमधला जिओफोन ४.५ हर्ट्झचा. इतकी संथ थरथर त्याच्या कानावर फार क्षीण येते.

डोंगरासाठी दहा हर्ट्झच्या आसपासची थरथर हवी. कुजक्या थरात वेग सेकंदाला ४०० मीटर धरा, लाटेची लांबी ४० मीटर, म्हणजे नेमकी हवी ती खोली. आणि ही थरथर कोण देणार? गावातला पऱ्या (ओढा), वारा, झाडं, घाटातले ट्रक, रेल्वे. पावसाळ्यात पऱ्या तर रात्रंदिवस वाजतो.

हे झालेलं आहे. स्वित्झर्लंडमध्ये पाँ-बूर्कँ नावाची चिकणमातीची घसरण आहे. तिच्या दोन बाजूंना यंत्रं ठेवून मेन्सॉं आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अशीच नोंद ठेवली. ऑगस्टमध्ये दरड सुटली, आणि त्याआधीचे काही दिवस लाटांचा वेग घटत घटत ७ टक्क्यांनी खाली आला होता. कुठल्या वारंवारतेला घट जास्त, यावरून ती घसरणाऱ्या थराच्या तळाशी होत आहे हेही त्यांना सांगता आलं. ज्वालामुखीत ०.१ टक्का म्हणजे बातमी असते, त्यामुळे ७ टक्के वाचून मी त्या वेळी उठून उभा राहिलो होतो.

---

व्हाळाकाठ | १३ मे, दुपारी १:१०

माका ह्यातला फारसा काय कळणा नाय, पण आमच्या वाडयेवरच्या डोंगराक गेल्या पावसात भेग पडली हा. वरच्या काजीच्या बागेत. बघूक माणसा येवन गेली, फोटो काढले. पुढे काय झाला नाय. ह्या यंत्राक खर्च किती?

---

सड्यावरचा | १३ मे, दुपारी २:३०

खडकवासी, मनापासून आभार. समुद्राचा हट्ट सोडला. खरं सांगायचं तर काल रात्री थोडं वाईट वाटलं, पण आजोळच्या घरामागून पऱ्याच वाहतो, हे सकाळी आठवलं.

व्हाळाकाठ, यंत्राच्या खर्चाचं नंतर बोलू. भेग किती लांब आहे, डोंगराच्या उताराला आडवी आहे का, खाली किती घरं आहेत?

---

व्हाळाकाठ | १३ मे, रात्री ८:०५

आडवीच. तीसेक पावला लांब. खाली सात घरा.

---

खडकवासी | १३ मे, रात्री ८:४०

व्हाळाकाठ, तुमच्यासाठी आज यंत्र नको. भेगेच्या दोन्ही बाजूंना पक्क्या खुंट्या मारा, तीन-चार जोड्या. प्रत्येक जोडीतलं अंतर टेपने मोजून वहीत तारखेसह लिहा. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून ती चिकणमातीने बुजवा आणि वरच्या बाजूने चर काढून पाणी दुसरीकडे वळवा. पावसात रोज एकदा अंतर मोजा. अंतर वाढायला लागलं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा आटलं, झाडं-खांब कलले, दारं अडकायला लागली, तर कुणाची वाट न बघता सातही घरांनी रात्रीपुरतं तरी दुसरीकडे जायचं. तलाठी आणि तहसील कार्यालयात आत्ताच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

इंटरफेरोमेट्री भेग दिसायच्या आधीचं सांगू शकते. तुमची भेग तर दिसते आहे.

---

चिरेबंदी | १४ मे, सकाळी १०:१५

मी बांधकाम अभियंता, काम मुख्यतः पुलांचं. खडकवासींनी शेपटीचं जे सांगितलं ते काँक्रीटलाही तसंच्या तसं लागू आहे आणि आपल्या किनाऱ्यावर त्याची फार गरज आहे.

खाऱ्या हवेत क्लोराइड काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचतं. सळई गंजली की फुगते, आतून बारीक तडे जातात, आणि बाहेरून दिसतं तोवर सळईवरचं काँक्रीटचं कव्हर सुटायला आलेलं असतं. आम्ही अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी चाचणी करतो: एका बाजूने ध्वनी सोडायचा, दुसऱ्या बाजूला किती वेळात पोचला ते पाहायचं. जुन्या भारतीय मानकाप्रमाणे वेग सेकंदाला ४.५ किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट उत्तम, ३.५ ते ४.५ चांगलं. पण ही चाचणी पहिल्या येणाऱ्या लाटेवर चालते, आणि पहिली लाट हुशार असते, ती तड्याला वळसा घालून चांगल्या भागातून येते. त्यामुळे सुरुवातीचे बारीक तडे तिच्यात उतरत नाहीत.

लारोझ आणि हॉल यांनी २००९ मध्ये काँक्रीटवर भार चढवत कोडा लाटांनी वेगातला फरक मोजला. एक लाखात दोन भाग इतका बारीक फरक त्यांना पकडता आला. भार वाढला की बंद होणाऱ्या भेगांमुळे वेग किंचित वाढतो, नुकसान सुरू झालं की घटतो.

आम्ही पुलाची तपासणी करतो ती ठरावीक काळाने, आणि बहुतेक पाणी उतरल्यावर. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात गेला. त्या पुलाबाबत कंपनांनी काय सांगितलं असतं याबद्दल मी काही दावा करणार नाही, पाया खरवडला जाणं हा वेगळा प्रकार आहे. मला म्हणायचंय ते एवढंच की पुलावरून जाणारी प्रत्येक एसटी तो पूल वाजवत असते. तो आवाज आपण टिपून ठेवत नाही, हे मला नोकरीत रोज खटकतं.

इमारतींवरही हे झालंय. पॅसाडिनातल्या मिलिकन ग्रंथालयाच्या वेगवेगळ्या मजल्यांवरच्या नोंदींवरून स्नायडर आणि शाफाक यांनी २००६ मध्ये जमिनीचा भाग वेगळा काढून निव्वळ इमारतीचा प्रतिसाद मिळवला.

---

वाशिष्ठीकाठ | १४ मे, रात्री ९:३०

कोयनेबद्दल कुणी बोललं नाही! ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे माझे वडील सात वर्षांचे होते, अजून ती पहाट सांगताना त्यांचा आवाज बदलतो. ६.३ चा धक्का. आजही अधूनमधून भांडी वाजतात. पोफळीच्या वीजगृहातून निघालेलं कोयनेचं पाणी आमच्या वाशिष्ठीत येतं, म्हणजे आम्ही दोन्हीकडून कोयनेला बांधलेले. तिथे समुद्राची गाज उपयोगी पडेल का?

आणि दुसरं, मातीची धरणं. २ जुलै २०१९ ला तिवऱ्याचं धरण फुटलं. माझ्या ओळखीचं कुटुंब होतं त्यात. मातीच्या धरणात आतून पाणी वाट काढतं ते आधी कळू शकतं का, एवढं सांगा.

---

खडकवासी | १५ मे, सकाळी ६:५५

वाशिष्ठीकाठ, तिवऱ्याबद्दल वाचून थांबलो थोडा वेळ.

धरणाचं आधी. मातीच्या भरावात पाण्याने आतून बारीक माती वाहून न्यायला सुरुवात केली की त्या भागातला लाटांचा वेग घटतो. प्लानेस आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये बांधांवरच्या प्रयोगांत, आजूबाजूच्या थरथरीवरूनच, ही घट टिपली. धरणमाथ्यावर एका ओळीत जिओफोन ठेवले तर कुठल्या दोघांमध्ये वेग घटतोय हे कळतं, म्हणजे जागाही कळते. मात्र जलाशय भरताना दाब आणि पाझर बदलून वेग तसाही बदलतो, तेव्हा एक-दोन पावसाळ्यांची निरोगी नोंद हाताशी हवी. पायथ्याच्या पाझराचं पाणी रोज काचेच्या भांड्यात धरून गढूळ आहे का ते बघणं, हा जुना उपाय त्यासोबत चालूच ठेवायचा.

कोयनेत मात्र समुद्र उपयोगी पडू शकतो. तिथे वर सुमारे एक किलोमीटर बसाल्ट आहे आणि भूकंप होतात ते त्याच्या खालच्या ग्रॅनाइट-नाईसच्या खडकात. तो अभ्यासण्यासाठी तर गोठण्याजवळ तीन किलोमीटर खोल विवर खणलं. एवढ्या खोलीला पाच-सहा सेकंदांची थरथरच लागते, आणि अरबी समुद्र ती फुकट देतो. कॅलिफोर्नियातल्या पार्कफिल्डला २००४ च्या भूकंपानंतर वेग घटला आणि पूर्ववत व्हायला वर्षं लागली, हे ब्रेंगिए यांनी २००८ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी त्यांनी रियुनियन बेटावरच्या ज्वालामुखीत उद्रेकाआधी वेग घटतो हेही दाखवलं.

पण इथे गंभीरपणे सांगतो: भूकंप झाल्यावर जमीन कशी दुखावली आणि कशी भरून आली, हे यातून कळतं. उद्या भूकंप होईल का, हे कळत नाही. कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

---

मीनाक्षी_गुहागर | १५ मे, दुपारी १२:२०

एक गोष्ट अडते आहे. पावसाने माती भिजली की वेग घटणारच ना? कोकणात तर चार महिने पाऊस. मग प्रत्येक जुलैत प्रत्येक डोंगर धोक्याचाच दिसेल. आणि समुद्रही जूनमध्ये खवळतो, म्हणजे थरथर देणाराच बदलला. खोट्या इशाऱ्यावर दोनदा घर सोडलेली माणसं तिसऱ्यांदा हलत नाहीत. माझ्या सासरी हे झालेलं आहे.

---

खडकवासी | १५ मे, रात्री १०:३०

मीनाक्षीताई, सगळ्यात कठीण जागेवर बोट ठेवलंत.

पाण्याचा परिणाम खरा आहे. छिद्रांतल्या पाण्याचा दाब वाढला की मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड ढिली होते, कातरलाटांचा, म्हणजे जमीन आडवी हलवत पुढे जाणाऱ्या लाटांचा, वेग घटतो. इंडोनेशियातल्या मेरापी ज्वालामुखीवर सेन्स-शोनफेल्डर आणि वेगलर यांना २००६ मध्ये जो वर-खाली होणारा आलेख मिळाला तो ज्वालामुखीचा नव्हता, पावसाने चढ-उतार होणाऱ्या भूजलाचा होता. तेव्हा आधी डोंगराचं नेहमीचं वागणं शिकायचं. शेजारी पर्जन्यमापक ठेवायचा, इतक्या पावसाला वेग इतका घटतो आणि उघडीप मिळाली की इतक्या दिवसांत परत येतो, हे दोन-तीन पावसाळे लिहायचं. धोका कळतो तो, पाऊस नेहमीइतकाच आणि वेग मात्र नेहमीपेक्षा खाली, किंवा उघडीप मिळूनही वेग वर येत नाही, तेव्हा. यंत्रांची एक जोडी संशयाच्या उतारावर आणि एक शेजारच्या पक्क्या कातळावर ठेवली तर पावसाचा वाटा वजा करणं सोपं जातं.

थरथरीचा स्रोत बदलला तर थेट लाट बिघडते. शेपटी बरीच टिकते, कारण इतकं आपटून आल्यावर लाट कुठून निघाली हे ती जवळपास विसरलेली असते. जवळपास, पूर्ण नाही.

अजून एक, सड्यावरचा, तुमच्यासाठी. घड्याळ. दोन यंत्रांचं घड्याळ काही मिलिसेकंदांनी चुकलं की तेही वेगबदलासारखं दिसतं. ओळखायची खूण अशी: गुणाकारातून मिळणारा आलेख शून्याच्या दोन्ही बाजूंना असतो, डावी बाजू उलट दिशेने जाणाऱ्या लाटांची. वेग खरोखर घटला तर दोन्ही बाजू शून्यापासून लांब जातात. घड्याळ चुकलं तर आख्खा आलेख एकाच दिशेला सरकतो. जीपीएस अँटेना लावा आणि तिला उघडं आकाश द्या, आंब्याखाली नको.

---

चिरेबंदी | १६ मे, सकाळी ९:४०

जीपीएसला +१. आणि यंत्र सिमेंटच्या पक्क्या जोत्यावर ठेवा, फरशीवर नाही. फरशी पोकळ असेल तर तुम्ही फरशीच मोजत बसाल.

कोकण रेल्वेलगतच्या ऑप्टिकल फायबरचाही विचार व्हायला हवा. फायबरमध्ये लेसर सोडून मागे विखुरणाऱ्या प्रकाशावरून दर काही मीटरला कंपन मोजता येतं. मग गाडीच हातोडा, आणि कटिंगचा प्रत्येक उतार तिच्या टप्प्यात.

---

सड्यावरचा | २८ मे, रात्री ११:०५

उशिरा लिहितोय, आजोळी होतो.

दुसरं आणि तिसरं यंत्र लागलं. एक मामाच्या गोठ्यामागच्या जुन्या जोत्यावर, दुसरं पऱ्याच्या पलीकडे शाळेच्या टाकीच्या काँक्रीटवर. दोघांत सरळ रेषेत साठ मीटर, मधून डोंगराची सोंड उतरते. पर्जन्यमापक अंगणात. घरचं यंत्र सड्यावर एकटंच राहील, त्याची स्वतःच्याच नोंदीशी तुलना करत राहीन. नोंदींचं गणित करणारी एमएसनॉइज आणि ऑब्सपाय ही दोन्ही सॉफ्टवेअर चालू झाली, एका विद्यार्थिनीने दोन रात्री बसून करून दिली.

मामा म्हणाला, "यंदाच्या पावसात मला काय सांगशील?" मी म्हटलं, यंदा काहीच नाही, यंदा फक्त डोंगराची ओळख करून घ्यायची. तो म्हणाला ठीक आहे, ओळख व्हायला वेळ लागतोच. मग तोच मला वरच्या बाजूला घेऊन गेला आणि २०२१ नंतर आटलेल्या झऱ्याची जागा दाखवली. ती मी नकाशावर मांडून घेतली. माझ्याकडची सगळ्यात जुनी नोंद तीच.

खडकवासी, पहिल्या पंधरा दिवसांचा आलेख तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवतो. चुका निःसंकोच दाखवा.

---

व्हाळाकाठ | ६ जून, सकाळी ८:१५

चार जोड्ये खुट्यो मारल्यो. अंतर वहीत लिवन ठेवलंय. भेग बुजवली, चर काढलो, वाडयेतली पोरा इली हुती. अर्जाची पोच मिळाली. सातय घरांका सांगान झाला, रात्री गरज लागली तर शाळेत जावचा.

काल रात्री पाऊस लागलो. आज सकाळी मोजलंय, फरक नाय. उद्या परत मोजतलंय.